स्टार थिएटराचें नामकरण

(१)

कलकत्त्याच्या हातीबागान भागांतील स्टार थिएटर हें वंग रंगभूमीच्या जुन्या स्थानांपैकीं एक होय. ह्या नाट्यगृहास यापुढें ‘बिनोदिनी थिएटर’ म्हणावें, असें ता. ३० डिसेंबर २०२४ रोजीं, त्या वेळीं पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री असलेल्या ममता बॅनर्जी यांनीं जाहीर केलें. जिचें हें नांव, ती नटी बिनोदिनी दासी ता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं वारली; आणि तिनें रंगभूमी सोडली त्यास तर एकशें अडतीस वर्षें होत आलीं होतीं. इतक्या काळानंतर लोकांच्या आवडत्या नटीचें नांव सार्वजनिक नाट्यगृहावर यावें, ही गोष्ट कोणाही नाट्यप्रेमी माणसास आनंदाचीच वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ह्या नामकरणांत आनंदाखेरीज आणखीही विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. कारण हें नांव नवें सुचलेलें नाहीं. इ. स. १८८३ त कबूल केलेलें आणि ऐन वेळीं फिरविलेलें असें हें नांव आहे.

ह्या नामकरणावर एक आक्षेप सहज निघण्यासारखा आहे. आज जी इमारत उभी आहे, तिच्या रंगमंचावर बिनोदिनीनें एकदांही काम केलेलें नाहीं. ती इमारत बांधली गेली तेव्हां तिनें अभिनय सोडून वर्षाहून अधिक काळ लोटला होता. मग त्या इमारतीस तिचें नांव देणें हें इतिहासास धरून आहे काय? आक्षेप क्षुल्लक नाहीं. स्थळांचीं नांवें भावनेच्या भरांत बदललीं म्हणजे पुढील पिढीच्या संशोधकास किती घोटाळे सोडवावे लागतात, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. म्हणून प्रस्तुत लेखांत त्या आक्षेपाचा निकाल, भावना बाजूस ठेवून, उपलब्ध पुराव्यांवरून लावण्याचा प्रयत्न केला आहे.

(२)

प्रथम नाट्यगृहांच्या नांवांविषयीं थोडेंसें लिहिणें अवश्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे प्रकार, त्यांचीं मापें, भूमिशोधन, स्तंभस्थापन आणि रंगपूजा ह्यांचा विचार विस्तारानें केला आहे. पण मंडपास एखाद्या व्यक्तीचें नांव द्यावें, हा विचार मंडपलक्षणांत येत नाहीं. तथापि नाट्याशीं संबंध जोडल्या गेलेल्या एका अतिप्राचीन स्थळीं एका स्त्रीचें नांव कोरलेलें सांपडतें. सरगुजा भागांतील रामगड टेकडीवर सीताबेंगा व जोगीमारा अशा दोन गुहा शेजारीं शेजारीं आहेत. त्यांपैकीं सीताबेंगा ही प्राचीन काळची नाट्यशाला असावी, असें मत ब्लॉख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मांडलें. तें सर्वमान्य झालेलें नाहीं. परंतु जोगीमारा गुहेंतील इसवी सनापूर्वींच्या ब्राह्मी लेखांत सुतनुका नांवाच्या देवदासीचा आणि तिच्यावर अनुरक्त झालेल्या वाराणसीच्या देवदिन्न नामक रूपदक्षाचा उल्लेख आहे, ह्यांत संशय नाहीं. राजाचें नांव नाहीं, दात्याचें नाहीं. एका देवदासीचें व तिच्या चाहत्याचें नांव मात्र दोन हजारांवर वर्षें टिकलें.

कलकत्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जीं धंदेवाईक नाट्यगृहें निघालीं, त्यांचीं नांवें पाहिलीं तर नॅशनल, बेंगाल, ग्रेट नॅशनल, स्टार, एमरल्ड, मिनर्व्हा, क्लासिक अशी माळ लागते. हीं सर्व नांवें इंग्रजी वळणाचीं असून त्यांत कोणा नटाचें, नाटककाराचें किंवा मालकाचें नांव नाहीं. महाराष्ट्रांत मंडळीस संस्थापकाचें नांव देण्याची रीत किर्लोस्करांपासून परिचयाची आहे. परंतु नाट्यगृहास नटाचें नांव ही चाल येथेंही पुष्कळ उशिरां पडली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरास केशवराव भोसल्यांचें नांव पुढें मिळालें, आणि पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर तर इ. स. १९६८ त उघडलें. हे दोघेही थोर नट. त्यांतले बालगंधर्व स्त्रीभूमिकांनींच अजरामर झाले. सारांश, इ. स. १८८३ त एका नटीच्या नांवावरून नाट्यगृहाचें नांव ठेवण्याची गोष्ट निघाली, ती त्या काळीं किती अपूर्व होती, हें ह्या तुलनेवरून दिसून येईल.

(३)

बिनोदिनीचा जन्म इ. स. १८६३ च्या सुमारास कलकत्त्यांत कॉर्नवॉलिस रस्त्यावरील एका घरांत झाला. तिच्या नांवाचें संस्कृत रूप विनोदिनी. वंग उच्चारांत व चा ब होतो, म्हणून बिनोदिनी. घरांत आजी, आई व धाकटा भाऊ. पुरुषाचा आधार नाहीं. आणि जन्म अशा वस्तींत, कीं जेथील मुलींस कुलीन समाज दाराशीं उभें करीत नसे. लहानपणीं तिचें लग्न झालें होतें, पण तो संबंध टिकला नाहीं. घरांत भाड्यानें राहावयास आलेल्या गंगा बाईजी नामक गायिकेकडून तिला गाण्याचें पहिलें शिक्षण मिळालें, आणि त्याच घरीं येणाऱ्या नाट्यप्रेमी गृहस्थांच्या ओळखीनें ती दरमहा दहा रुपयांवर ग्रेट नॅशनल थिएटरांत लागली.

ह्या वेळीं वंग रंगभूमीवर नुकतेंच एक स्थित्यंतर झालें होतें. ता. ७ डिसेंबर १८७२ रोजीं दीनबंधु मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकानें नॅशनल थिएटर सुरू झालें, तेव्हां स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. पुढच्याच वर्षीं, ता. १६ ऑगस्ट १८७३ रोजीं, बेंगाल थिएटरानें मायकेल मधुसूदन दत्तांचें ‘शर्मिष्ठा’ लावलें व त्यांत स्त्रीभूमिका स्त्रियांस दिल्या. ह्या स्त्रिया अर्थातच वारांगनांच्या वस्तींतून आल्या होत्या, कारण दुसऱ्या कोणत्याही वर्गांतून त्या येणें शक्यच नव्हतें. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे ईश्वरचंद्र विद्यासागर ह्यांच्यासारखे थोर सुधारकही ह्या प्रकारापासून दूर झाले. ज्या समाजास नटी पाहिजे होती, त्यासच ती घराबाहेर व नांवाबाहेर ठेवावयाची होती. ही विसंगति पुढील सर्व कथेचें मूळ आहे.

ता. १२ डिसेंबर १८७४ रोजीं हरलाल राय यांच्या ‘शत्रुसंहार’ नाटकांत द्रौपदीच्या दासीच्या लहानशा भूमिकेंत बिनोदिनी प्रथम लोकांपुढें आली. हें नाटक भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’वरून रचलेलें होतें, हें संस्कृतज्ञ वाचकांस कौतुकाचें वाटेल. दुसऱ्याच वर्षीं ही मंडळी उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर गेली आणि लखनौस ‘नीलदर्पण’ चालू असतां गोऱ्या प्रेक्षकांनीं दंगा केला, तेव्हां ती बालनटी त्या प्रसंगांत सांपडली होती. पुढें बेंगाल थिएटर व नंतर नॅशनल थिएटर अशा क्रमानें तिनें कामें केलीं. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांवरील नाटकांतून तिनें केलेल्या भूमिका, आणि ‘मेघनादवध’ ह्या एकाच नाटकांत घेतलेलीं निरनिराळीं सोंगें, ह्यांमुळें तिची कीर्ति झाली. गिरीशचंद्र घोष हे तिचे नाट्यगुरु. विलायती नटींच्या अभिनयाच्या गोष्टी सांगून, कवितांचे अर्थ फोडून व भूमिकेचा स्वभाव समजावून ते तिला शिकवीत, असें तिनें कृतज्ञतेनें लिहिलें आहे.

येथें संग्राहकांस एक सूचना द्यावीशी वाटते. इ. स. १८७५–७६ च्या सुमाराच्या कागदांत ‘सुरेंद्र-विनोदिनी’ हें नांव वारंवार आढळेल. तें उपेंद्रनाथ दासांच्या नाटकाचें नांव असून त्या नाटकावरील खटल्याचा व इ. स. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा इतिहास प्रसिद्ध आहे. त्यांतील विनोदिनी म्हणजे नाटकांतील पात्र होय; आपल्या नटीचा त्या नांवाशीं संबंध नाहीं. नामसाम्यावरून कागदांची वर्गवारी करणारांनीं सावध असावें.

(४)

इ. स. १८८३ च्या आरंभीं नॅशनल थिएटराचे मालक प्रतापचंद जौहरी हे होते. बिनोदिनी रजा घेऊन काशीस गेली असतां तेथें आजारी पडली आणि परत आल्यावर त्या दिवसांचा पगार मालकानें नाकारला. त्यावरून खटका उडाला. गिरीशचंद्र व इतर नटांचेंही मालकाशीं जमत नव्हतें. स्वतःचें नाट्यगृह असावें असें सर्वांस वाटूं लागलें. अडचण होती ती पैशांची. ह्या सुमारास गुर्मुख राय नांवाचा एक तरुण धनिक मारवाडी पुढें आला. नाट्यगृहासाठीं पैसा घालावयास तो तयार झाला, पण बिनोदिनीनें आपल्या आश्रयास यावें अशी त्याची अट होती.

पुढील हकीकत बिनोदिनीच्या स्वतःच्या लेखनावरून घेतली आहे. पूर्वींच्या आश्रयदात्यास सोडणें तिला जड गेलें. परंतु सहकारी नटांनीं आग्रह केला आणि तिलाही नाट्यगृह पाहिजेच होतें. मध्यंतरीं गुर्मुख रायानें, थिएटराचा नाद सोडून दे, तुला पन्नास हजार रुपये रोख देतों, असेंही सुचविलें. तिनें तें नाकारलें व नाट्यगृहच मागितलें. बीडन रस्त्यावर कीर्ति मित्रांची जागा भाडेपट्ट्यानें घेऊन काम सुरू झालें, आणि खड्डे भरण्यासाठीं मजुरांबरोबर तिनें स्वतः मातीच्या टोपल्या वाहिल्या.

आतां मुख्य मुद्दा. नव्या नाट्यगृहास बिनोदिनीचें नांव द्यावयाचें, असें तिला सांगण्यांत आलें होतें. म्हणजे ती गेल्यावरही तिचें नांव राहील, असा त्यांतला आशय. परंतु ठरलेलें नांव पुरें ‘बिनोदिनी’ असें नव्हतें; ‘बी थिएटर’ असें होतें. केवळ इंग्रजी आद्याक्षर! जाणत्यांस त्यांतील अर्थ कळावा आणि इतरांस कांहीं कळूं नये, अशी ती योजना. ही बारीकशी गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. पण तिचें महत्त्व मोठें आहे. ज्यांनीं वचन दिलें, त्यांच्या मनांत तें देतांनाच भय होतें, हें त्या एका अक्षरावरून सिद्ध होतें. पुढें नोंदणीचें काम आटोपून दासूचरण नियोगी प्रभृति मंडळी परत आली, तेव्हां तिनें उत्सुकतेनें काय नांव नोंदविलें असें विचारलें. उत्तर मिळालें, ‘स्टार’. ह्या धक्क्यानें तिच्या तोंडून कांहीं वेळ शब्द निघाला नाहीं, असें ती सांगते. मग तिनें विचार केला कीं ह्यांनीं केवळ कार्य साधण्यासाठीं आपणांस गोड बोलून घेतलें कीं काय. परंतु काम मात्र सोडलें नाहीं.

ता. २१ जुलै १८८३ रोजीं गिरीशचंद्रांच्या ‘दक्षयज्ञ’ नाटकानें स्टार थिएटर उघडलें. दक्ष स्वतः गिरीशचंद्र, महादेव अमृतलाल मित्र, आणि सती बिनोदिनी. यज्ञांत जिच्या पतीचा भाग नाकारला गेला, तिचीच भूमिका त्या रात्रीं बिनोदिनीच्या वांट्यास आली होती. ह्यावर अधिक भाष्य करण्याचें कारण नाहीं.

(५)

गुर्मुख राय फार दिवस मालक राहिला नाहीं. प्रकृति बिघडली, घरच्यांचा विरोध वाढला, आणि त्यानें नाट्यगृह विकण्याचें ठरविलें. त्यांत बिनोदिनीस हिस्सा मिळावा अशी त्याची इच्छा होती. परंतु मालकीच्या भानगडींत पडूं नये असें गिरीशचंद्रांनीं तिच्या आईस समजावून सांगितल्यामुळें तो हिस्साही गेला. अमृतलाल मित्र, अमृतलाल बसु, हरिप्रसाद बसु व दासूचरण नियोगी ह्या चौघांनीं सुमारें अकरा हजार रुपयांस नाट्यगृह घेतलें. म्हणजे जिच्यामुळें पैसा उभा राहिला तिचें नांव दर्शनीं भागावर लागलें नाहीं, आणि मालकीच्या कागदांतही आलें नाहीं.

तथापि स्टारचा उत्कर्ष तिच्याच अभिनयानें झाला. ता. २ ऑगस्ट १८८४ रोजीं ‘चैतन्यलीला’ रंगभूमीवर आलें व त्यांत चैतन्यांची भूमिका बिनोदिनीनें केली. मराठी वाचकानें येथें क्षणभर थांबावें. चारच वर्षांपूर्वीं, ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, पुण्यांत किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ लागलें, त्यांत शकुंतला पुरुष होता आणि पुढें भाऊराव कोल्हटकरांनीं तीच भूमिका गाजविली. इकडे पुरुष शकुंतला होत असतां तिकडे समाजानें टाकलेली एक स्त्री संन्यासी महापुरुष झाली, आणि वैष्णव भाविक तिचें तें दर्शन घेण्यास लोटले. ता. २१ सप्टेंबर १८८४ रोजीं रामकृष्ण परमहंस हें नाटक पाहावयास आले. त्या दिवसाची नोंद महेंद्रनाथ गुप्तांच्या ‘कथामृतां’त आहे. त्यांनीं बिनोदिनीस आशीर्वाद दिला ही गोष्ट तिनें आयुष्यभर सर्वांत मोठें धन म्हणून जपली. पुढें परमहंस आजारी असतां स्त्रियांस, त्यांतून नटीस, त्यांचें दर्शन दुर्लभ झालें, तेव्हां ती साहेबी पोषाख करून पुरुषवेषानें भेटून आली.

‘बुद्धदेवचरित’, ‘बिल्वमंगल’ इत्यादि नाटकांनंतर, इ. स. १८८६ च्या अखेरीस लागलेलें ‘बेल्लिक बाजार’ हें तिचें शेवटचें नवें काम ठरलें, आणि १८८७ च्या आरंभीं तिनें रंगभूमी सोडली ती कायमची. वय अवघें तेवीस-चोवीस. एकंदर नाट्यजीवन बारा वर्षांचें. पुढील आयुष्यांत एका सज्जन आश्रयदात्याच्या घरीं तिला स्वास्थ्य मिळालें. शकुंतला नांवाची कन्या झाली. त्या मुलीस शाळेंत घालण्यासाठीं तिनें पुष्कळ खटपट केली, पण आईच्या पूर्वायुष्यामुळें दार उघडलें नाहीं. मुलगी इ. स. १९०४ त बालवयांतच वारली. पुढें आश्रयदाताही गेला, आणि बिनोदिनी पुन्हां एकटी झाली.

(६)

आतां स्थळाचा प्रश्न. बीडन रस्त्यावरील स्टारची जागा व इमारत धनाढ्य गोपाललाल शील यांनीं विकत घेतली. ता. ३१ जुलै १८८७ रोजीं जुन्या स्टारचा तेथील शेवटचा खेळ झाला. शील यांनीं त्याच जागीं एमरल्ड थिएटर काढलें. पुढें त्या नाट्यगृहानें क्लासिक, कोहिनूर, मनमोहन अशीं नांवें पाहिलीं आणि अखेर चित्तरंजन मार्गाच्या कामांत तें नाहींसें झालें. ज्या भूमींत बिनोदिनीनें माती टाकली, ती आज रस्त्याखालीं आहे. ह्याच बीडन रस्त्यावरील मिनर्व्हा थिएटर हें जुन्या ग्रेट नॅशनलच्या जागीं असून त्याचा स्टारशीं घोटाळा करूं नये.

इमारत विकतांना स्टारच्या चौघां मालकांनीं एक गोष्ट विकली नाहीं: ‘स्टार’ हें नांव. तें त्यांनीं राखून ठेवलें, व तेंच घेऊन हातीबागानांत कॉर्नवॉलिस रस्त्यावर नवी इमारत बांधली. त्यासाठीं पैसा कमी पडला तेव्हां गिरीशचंद्रांनीं एमरल्डची व्यवस्था पत्करून मिळालेल्या वीस हजारांपैकीं सोळा हजार रुपये ह्या मित्रांस दिले. ता. २५ मे १८८८ रोजीं हें नवें स्टार गिरीशचंद्रांच्याच ‘नसीराम’ नाटकानें उघडलें. एमरल्डशीं करार असल्यामुळें त्यांनीं कर्तृत्व ‘सेवक’ ह्या टोपणनांवाखालीं लपविलें. ही इमारत इ. स. १९९१ त आगींत सांपडली. पुढें कलकत्ता महानगरपालिकेनें जुना दर्शनी भाग राखून तिचा उद्धार केला व इ. स. २००४ त ती पुन्हां लोकांसाठीं उघडली. तींत नाटकांबरोबर चित्रपटही दाखविले जाऊं लागले. हेंच आतां बिनोदिनी थिएटर.

तेव्हां वस्तुस्थिति अशी, कीं आक्षेपकाचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. ह्या रंगमंचावर बिनोदिनी उभी राहिली नाहीं. परंतु त्याच हकीकतींत आक्षेपाचें उत्तरही आहे. इ. स. १८८७ त स्टारच्या मालकांनींच आपल्या कृतीनें ठरवून टाकलें, कीं स्टार म्हणजे विटा व चुना नव्हे. इमारत गेली तरी नांव आपलें. आणि जेथें नांव तेथें स्टार. नांव ही इमारतीपासून वेगळी काढतां येणारी मौल्यवान वस्तु आहे, हें त्यांनीं रोख व्यवहारानें दाखविलें. मग तें नांव ज्या ऋणासह जन्मास आलें, तें ऋण त्याबरोबर हातीबागानास गेलें नाहीं काय? वारसा घेणारानें कर्जही घ्यावें, हा आपल्या धर्मशास्त्राचा जुनाच न्याय आहे. बिनोदिनीचें येणें बीडन रस्त्यावरील जमिनीकडे नव्हतें. तें ‘स्टार’ ह्या नांवाकडे होतें. म्हणून तें जेथें स्टार असेल तेथें फेडणें योग्यच होय. शिवाय ज्या कॉर्नवॉलिस रस्त्यावर, आजच्या विधान सरणीवर, हें नाट्यगृह आहे, त्याच रस्त्यावरील घरांत ती जन्मली. हा योगायोगही ध्यानांत घेण्यासारखा आहे.

(७)

राहतां राहिला पुराव्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न. नांवाच्या वचनाची हकीकत मुख्यतः बिनोदिनीच्या ‘आमार कथा’ ह्या आत्मचरित्रावर अवलंबून आहे, आणि तें पुस्तकरूपानें इ. स. १९१२ त, म्हणजे घटनेनंतर सुमारें एकोणतीस वर्षांनीं निघालें. स्वतःच्या दाव्यास स्वतःचीच साक्ष, तीही उशिरां दिलेली. तेव्हां संशोधकानें ती पारखून घेतलीच पाहिजे.

परंतु तिच्या बाजूनें तीन गोष्टी आहेत. पहिली, ज्यांच्याविषयीं ती लिहिते त्यांपैकीं सारे मेलेले नव्हते. अमृतलाल बसु इ. स. १९२९ पर्यंत हयात होते. शिवाय तिच्या आठवणींचा भाग आधीं ‘नाट्यमंदिर’ मासिकांत येऊन गेला होता. जाणत्या माणसांसमोर तिनें आपली साक्ष मांडली. दुसरी, ती स्वतःस निर्दोष दाखवीत नाहीं. पूर्वींच्या आश्रयदात्याशीं केलेला व्यवहार ती कबूल करते व त्याचा पश्चात्ताप लिहिते. तिसरी व सर्वांत बोलकी गोष्ट प्रस्तावनेची. गिरीशचंद्रांनीं तिच्या पुस्तकास प्रस्तावना लिहिली व स्वतःच्या नाटकांच्या यशांत तिचा वांटा मोठा होता हें मान्य केलें. पण ती प्रस्तावना तिला पटली नाहीं, कारण सर्व सत्य घटना तींत आल्या नव्हत्या. दुसरी लिहून देण्याचें त्यांनीं कबूल केलें, आणि इ. स. १९१२ च्या फेब्रुवारींत ते वारले. गुरुची स्तुतिपर प्रस्तावना अपुरी म्हणून बाजूस ठेवणारी लेखिका स्तुतीसाठीं लिहीत नव्हती, हें उघड आहे. पुढील आवृत्तींत मात्र तिनें तीच प्रस्तावना छापली; गुरुच्या हातचें तेवढेंच उरलें होतें.

बिनोदिनीनें याखेरीज ‘वासना’ व ‘कनक ओ नलिनी’ हीं काव्यें लिहिलीं, आणि उतारवयांत आपल्या नटीजीवनाच्या आठवणी मासिकांतून दिल्या. इ. स. १९६९ त सौमित्र चट्टोपाध्याय व निर्माल्य आचार्य ह्यांनीं तिचें आत्मलेखन संपादून पुन्हां लोकांपुढें आणलें. हे सौमित्रबाबू म्हणजे चित्रपटांतील विख्यात नट. एका पुढील पिढीच्या नटानें मागील पिढीच्या नटीचा शब्द वांचविला, ही गोष्ट नामकरणाइतकीच गौरवाची आहे. त्यानंतर तिच्या जीवनावर नाटकें झालीं, चित्रपट निघाले, आणि इ. स. २०२५ च्या जानेवारींत ‘बिनोदिनी : एकटि नटीर उपाख्यान’ हा नवा चित्रपट प्रदर्शित झाला. ह्या सर्वांचें मूळ तें एकच पुस्तक. तें तिनें लिहिलें नसतें तर १८८३ चें वचन कोणास ठाऊक असतें? आणि ठाऊक नसलेलें वचन २०२४ त कोण पाळता?

(८)

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. नामकरण न्याय्य आहे व तें साजरें करण्याजोगें आहे. मात्र तें सत्य राहावयाचें तर त्याबरोबर दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, ‘स्टार’ हें नांव पुसूं नये. १८८८ पासूनचा त्या इमारतीचा इतिहास त्या नांवाखालीं घडला आहे. आणि बिनोदिनीचें नांव कोणत्या नांवानें झांकलें होतें हें कळण्यासही तें पाहिजेच. दुसरी, दर्शनी भागीं एक फलक असावा आणि त्यांत बीडन रस्त्यावरील मूळ जागा, १८८३ चें वचन, १८८७ चें स्थलांतर व २०२४ चें नामकरण ह्या चार गोष्टी स्पष्ट द्याव्या. तसा फलक नसेल तर पन्नास वर्षांनीं एखादा भाविक त्याच रंगमंचावरील फळी दाखवून येथें बिनोदिनी चैतन्य झाली असें सांगेल, आणि एका अन्यायाच्या जागीं एक दंतकथा बसेल.

आपल्या संग्राहकांसही ह्यांतून घेण्यासारखें आहे. राजांच्या सनदा व सरदारांचीं पत्रें आपण जपून ठेवतों. परंतु नाटक मंडळ्यांचे जमाखर्च, खेळांचीं हस्तपत्रकें, करारांचे कागद व जाहिरातींचे तुकडे रद्दींत जातात. त्या जमाखर्चांत कोठें तरी नाटकशाळेंतील एखाद्या बाईचें नुसतें पहिलें नांव व पुढें चार-दोन रुपयांचा आंकडा असतो. बहुतेकींनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं. त्यांचा पुरावा तो आंकडाच. दप्तराचा रुमाल सोडतांना असा कागद हातीं लागला तर तो बाजूस टाकूं नये. सुतनुकेचें नांव दगडावर राहिलें, बिनोदिनीचें तिच्या स्वतःच्या लेखणीनें राहिलें. बाकीच्यांचें राहावयाचें तर तें आपल्या दप्तरांतच राहील.